रिकामी न गेलेली गाडी

ते दार तेवढं लोटून घ्या. थंडी आत येते म्हणून. दुसरं काही नाही. आणि पिंकी, तू अशी दाराकडं पाठ करून बसू नकोस. काही होत नाही गं, पण नको बसू. सुयशला बसव तिथं. त्याला कुणी उचलून नेलं तर घरातलं धान्य तरी वाचेल.

हां. तर ही गोष्ट इंद्रजितची. लोणी भापकरच्या गेणबा मास्तरांचा थोरला. माझ्या रोजच्या चहातला माणूस, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो. तुम्ही त्याला जाऊन विचाराल तर तो म्हणेल, "तात्याचं काय ऐकता, तात्या थापा मारतो." पण हे म्हणताना तो तुमच्या डोळ्यांत बघणार नाही. तेवढं ध्यानात ठेवा.

नव्याण्णव साल. जानेवारीची बारा तारीख, मंगळवार. दुसऱ्या दिवशी भोगी. अमावास्या नव्हती, आधीच सांगून ठेवतो. भुताला पंचांग लागतं असं वाटत असेल, तर तुम्ही अजून भूत बघितलेलं नाही.

दिवेलागणीला इंद्रजितनं अंगणातून आपली एम-एटी फटफटी बाहेर काढली. आईनं, द्वारकाबाईनं, डबा आणून दिला. बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी. गेणबा मास्तरांच्या घरात सणवार पाळत नसत. भिंतीवर बाबासाहेब, कपाटावर बुद्ध, आणि देव-भूत हा विषय काढायचा नाही, अशी शिस्त. पण भाजीनं कुणाचं काय बिघडवलंय?

"आई, भोगी उद्या हाय ना?"

"उद्या तुझं काय व्हतंय कुणाला ठाव," द्वारकाबाई म्हणाली. "आजच खा."

आता उद्या काय होणार होतं, ते सांगतो.

इंद्रजित कंप्युटर शिकलेला. त्या वेळी कंप्युटर शिकलेला माणूस म्हणजे लोक त्याच्याकडं बिघडलेला टीव्ही घेऊन यायचे. पण पोरगा हुशार. कळंबच्या पुढं नदीच्या अंगाला एक साखर कारखाना आहे. नाव सांगत नाही. त्या बाजूला कारखान्यांना काय तोटा? त्यातलाच एक धरा. नाव घेतलं तर पुढच्या साली माझ्या उसाला तोड यायची नाही. भूत परवडलं, पण तोडीविना उभा ऊस नाही परवडत. तर त्या कारखान्यानं ऊस मोजायच्या काट्याला कंप्युटर बसवला आणि त्याचं काम इंद्रजितला दिलं. गेणबा मास्तरांनी गावभर सांगितलं, "माझ्या पोरानं काटा बोलता केला." सांगायला नको होतं. काटा बोलला, पण रोज पहाटे मुका व्हायला लागला.

काट्याचं काम कसं चालतं, हे सुयशला माहीत आहे, बाकीच्यांनी ऐका. भरलेली गाडी काट्यावर येते, तिचं भरलं वजन होतं. मग गाडी जाते गव्हाणीवर. तिथं क्रेन साखळ्यांनी अख्खा ढीग उचलते आणि चालत्या पट्ट्यावर टाकते. पट्टा ऊस घेऊन आत जातो, आत सुऱ्या फिरत असतात. रिकामी गाडी परत काट्यावर येते, तिचं रिकामं वजन होतं. भरल्यातनं रिकामं वजा केलं की राहिला तो ऊस. एवढंच.

इंद्रजितनं त्याची स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कंप्युटरनं काय करायचं त्याच्या सूचना. त्या स्क्रिप्टमध्ये म्हणे थ्रेड असतात. थ्रेड म्हणजे काय हे त्यानं मला तीनदा सांगितलं, मला चौथ्यांदा कळलं. ते असं. कंप्युटरच्या पोटात गडी ठेवलेले असतात. आवारात एका वेळी पन्नास गाड्या, तर पन्नास गडी. गाडी भरून आत आली की तिच्यासाठी एक गडी उभा राहतो. तो काय करतो? सारखा विचारतो, "माझी गाडी रिकामी झाली का? झाली का?" गाडी रिकामी होऊन काट्यावर आली की वजन लिहितो आणि घरी जातो. उभं राहायला गड्याला जागा लागते. तिला मेमरी म्हणायचं. घरी जाताना त्यानं ती जागा मोकळी करून जायचं.

पण कुणीतरी मोकळी करत नव्हतं.

रोज रात्री जागा हळूहळू कमी व्हायची. पहाटे पडदा गोठायचा. काटा बंद, फाटक बंद, गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत, ऊस वाळतोय, ट्रॅक्टरवाले इंद्रजितच्या सात पिढ्यांची विचारपूस करताहेत. मग मशीन बंद करून चालू करायचं. पुन्हा रात्री तेच. त्यानं पुण्याहून आणून मेमरी वाढवली. मशीन थोडं उशिरा मेलं, एवढाच फरक. दिवसा तपासायला बसलं तर सगळे गडी शहाणे. एकटा गडी खाणारा असता तर धरला असता. पन्नास जण एका घरात राहतात, म्हटल्यावर भाकरी कुणी लांबवली, कसं कळणार? कोण म्हणालं दोन हजार सालचा रोग आहे, वर्षभर आधीच आलाय. कोण म्हणालं, पोराला येतच नाही.

शेवटी एम.डी. साहेबांनी बोलावून सांगितलं, "उद्या सकाळी आठला मी काट्यावर येणार. मशीन चालू दिसलं तर तू राहा. बंद दिसलं तर खोकं उचल आणि बापाला पण सांग, की काटा मुकाच बरा होता."

बापाचं नाव काढलं. ते लागलं पोराला. म्हणून तो त्या रात्री स्वतः जागायला निघाला होता.

वालचंदनगर मागं पडलं, कळंबही मागं पडलं. दोन्ही बाजूंना ऊस. एम-एटीचा दिवा म्हणजे तुम्हाला माहीत आहे, काजव्याला लाज वाटेल. त्या उजेडात त्याला पुढं उसाची बैलगाडी दिसली.

एकटीच. बैलगाड्या तांड्यानं चालतात, ही एकटी. खाली कंदील टांगलेला, पण पेटवलेला नव्हता. वर ढिगावर माणूस डोक्यावरून घोंगडं घेऊन झोपलेला. यात नवल काही नाही. दिवसभर तोड करायची आणि रात्री गाडी न्यायची, तर माणूस झोपणार कधी? ढिगावरच झोपतात. बैलांना वाट पाठ असते, ते बरोबर काट्यावर नेऊन उभं करतात. काट्यावरही कुणी उठवत नाही. झोपलेल्याचं वजन उसात धरलं जातं, तेवढाच गडी खूश. गव्हाणीपाशी मात्र उठवायचं. ही तिथली रीत.

"ओ पाव्हणं," इंद्रजित ओरडला, "कंदील लावा की! मागनं एखादा ट्रक येऊन उडवंल तुमाला!"

घोंगडं हललं नाही.

त्यानं गाडी बाजूला घेऊन पुढं काढली. जाता जाता उजवीकडच्या बैलाचं शिंग दिसलं, अर्ध्यातनं मोडलेलं. गळ्यात घुंगरांचे चाळ होते, चांगले घसघशीत. पुढं गेल्यावर त्याच्या मनात काहीतरी टोचलं. काय ते कळेना. आणि मग कळलं. चाळ हलत होते... वाजत नव्हते.

थंडीनं कान बधिर झालेत, असं तो स्वतःला म्हणाला. शिकलेल्या माणसाला कारण लगेच सापडतं.

काट्याच्या केबिनमध्ये महिपती बसलेला. हा काट्याचा कारकून, जन्माचा टवाळ. ज्या दिवशी महिपती कुणाची खोडी काढत नाही, त्या दिवशी लोक त्याला ताप आलाय का बघायचे. त्यानं कंप्युटरवर लिंबू-मिरची टांगून ठेवली होती.

"या इंजिनियर," महिपती म्हणाला. "बाळंतिणीची सोय केलीया बघा. रोज पहाटे कळा येत्यात बिचारीला."

"महिपतराव, ते लिंबू काढा."

"तुमच्यात चालत न्हाय, मला ठाव हाय. पर कंप्युटरनं कुठं दीक्षा घेतलीया?"

"कालच घेतली. काढा."

महिपती खदखदून हसला आणि लिंबू काढून चहात पिळलं. असा माणूस.

इंद्रजित कामाला बसला. त्या रात्री त्यानं स्क्रिप्टमध्ये एक नवी गोष्ट घातली होती: प्रत्येक गड्याचं नाव, म्हणजे त्याच्या गाडीचा नंबर, पडद्यावर दिसेल आणि त्यापुढं त्या गड्यानं किती जागा धरलीय ते. आता चोर तोंड लपवू शकणार नव्हता. गाड्या येत होत्या, जात होत्या. गडी उभे राहत होते, घरी जात होते. सगळ्यांच्या पुढं चिमूटभर जागा. सगळे शहाणे.

तेवढ्यात खिडकीशी एक बाई आली. डोक्यावर पदर, अंगावर पुरुषाचा जुना कोट.

"आमचं मालक आलं का वो?"

महिपतीनं लगेच हसू आवरलं. "न्हाय ठमाबाई. अजून न्हाय."

"बरं," बाई म्हणाली आणि गेली.

"कोण ही?" इंद्रजितनं विचारलं.

"बीडकडच्या तोडकऱ्यांच्या टोळीतली. पलीकडं पाचटाच्या कोप्या हायत न्हवं का, तितं ऱ्हाती. गेल्या साली तिचा नवरा, कुंडलिक, ऊस घिऊन हितं आला. पहाटं बैलं रिकामी गाडी घिऊन कोपीवर गेली. गाडीवर हा न्हाय. हापिसानं कागद बघितला, रिकामं वजन पडल्यालं. म्हंजी फाटकाबाहीर गेला. मग पळून गेला म्हनं. तवापासनं रोज रातच्याला इचारती."

"रोज?"

"रोज. आणि ऐक, समद्यांची मस्करी करतो मी. तिची न्हाय करत."

रात्र वाढली. गव्हाणीकडं साखळ्यांचा आवाज, गिरणीची घरघर, मळीचा वास. महिपती बसल्या बसल्या पेंगायला लागला. काट्यावरचे लोक पेंगतच काम करतात; गाडी येते, दिव्याखाली पत्र्याचा नंबर दिसतो, बोटं आपोआप दाबतात. नंबर डोळे वाचत नाहीत, बोटं वाचतात.

मध्यरात्र उलटून गेली होती. काट्यावर एक बैलगाडी येऊन उभी राहिली.

महिपतीनं अर्ध्या डोळ्यानं पाहिलं. बोटं चालली. चारशे बारा. बटण दाबलं.

आणि त्यानं हात असा मागं घेतला, जसा तव्याला लागला.

इंद्रजितनं वर पाहिलं. खिडकीबाहेर पिवळ्या दिव्याखाली गाडी उभी. खाली कंदील, न पेटवलेला. वर घोंगडं. उजवा बैल मोडक्या शिंगाचा.

"हां, ही गाडी मला वाटंत भेटली हुती," तो म्हणाला. "उठवा की त्याला, महिपतराव. कंदील लावायला सांगा."

महिपती बोलला नाही.

"महिपतराव?"

महिपतीचं तोंड उघडं होतं. त्यातनं काही येत नव्हतं. या माणसाला गप्प बसलेलं इंद्रजितनं कधी पाहिलं नव्हतं. केबिनमध्ये एकदम थंडी वाजायला लागली... ती त्याच्या गप्प बसण्याचीच.

गाडी हलली. काट्यावरून उतरली. गव्हाणीच्या वाटेला लागली. चाकांचा आवाज नाही. खुरांचा नाही.

"ती गाडी..." महिपती म्हणाला. त्याचा आवाज त्याचा नव्हता. "बैल इकलं तिनं. पाडव्याला. आणि गाडी... गाडी मोडली. फळ्या चुलीत घातल्या. माझ्या डोळ्यांदेखत... जळाली ती गाडी."

इंद्रजितला राग आला. भीती वाटायच्या आधी शिकलेल्या माणसाला राग येतो.

"बास झाली मस्करी!"

त्यानं बॅटरी घेतली आणि बाहेर धावला. काटा मोकळा. गव्हाणीच्या वाटेवर ट्रॉल्या उभ्या, एकामागं एक, ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेले. रांगेच्या टोकापर्यंत गेला. पुढं क्रेन. साखळ्या खाली येत होत्या, वर जात होत्या. पट्टा चालत होता. बैलगाडी... एकही नव्हती.

वाटेवर धूळ होती. घोटाभर. तिच्यात ट्रॉल्यांच्या टायरांचे वळ. बाकी काही नाही.

तो परत आला. दम लागला होता. महिपती तसाच बसलेला, पडद्याकडं बोट करून.

पडद्यावर सगळ्या गड्यांपुढं चिमूटभर जागा. एकाच्यापुढं आकडा वाढत होता.

चारशे बारा.

वाढत होता. थांबत नव्हता.

आता बघा, पोरगा कसा होता. केस उभे राहिलेले, पण हात कामाला लागले. चोर सापडला होता! त्यानं स्क्रिप्ट उघडली, त्या गड्याचं काम ओळीओळीनं वाचलं. आणि त्याला चूक दिसली. त्याची स्वतःचीच. गडी दर वेळी "रिकामी झाली का?" विचारतो, तेव्हा एक चिठ्ठी घेतो आणि पिशवीत टाकतो. पिशवी मोकळी होते फक्त घरी जाताना. ज्याची गाडी लवकर निघते, त्याच्या पिशवीत चार चिठ्ठ्या. कळतही नाही. पण ज्याची गाडी निघतच नाही... त्याची पिशवी पहाटेपर्यंत अख्खं मशीन भरून टाकते.

रोज रात्री हा एकच. आत येणारा आणि न निघणारा.

"एका ओळीचं काम हाय," इंद्रजित म्हणाला. हसलासुद्धा. आणि हसता हसता थांबला. कारण यंत्राचं कोडं सुटलं, की दुसरं तेवढं उरतं.

"महिपतराव, गेल्या साली या गाडीचं रिकामं वजन कुणी केलं?"

"करतंय कोण?" महिपती पुटपुटला. "बैलगाडीचं रिकामं वजन दर खेपंला तेवढंच भरतंय. आम्हाला पाठ असतंय. अंदाजानं टाकायचो. समदेच टाकायचे."

"म्हंजी त्या रात्री गाडी काट्यावर परत आलीच न्हवती?"

"बैलं परस्पर गेली असतील. वाट ठाव असती त्यास्नी."

"आणि वर झोपलेला माणूस?"

महिपतीनं चहाचा रिकामा कप पालथा घातला.

"महिपतराव... गव्हाणीपाशी त्याला उठवलं कुणी?"

बाहेर साखळ्या खाली आल्या. वर गेल्या. ढीग पट्ट्यावर पडला. तो आवाज दोघांनी ऐकला. रोज ऐकत होते. त्या रात्री पहिल्यांदा ऐकला.

पहाट होत आली.

आकडा वाढत होता. अर्ध्याहून जास्त मशीन त्या एका गड्यानं धरलं होतं. सकाळी आठला एम.डी. येणार होते.

"टाक," महिपती म्हणाला. "अंदाजानं टाक रिकामं वजन. मोकळा कर त्याला. जाऊ दे एकदा."

इंद्रजितनं मुद्दाम अशी सोय ठेवली नव्हती. त्याच्या स्क्रिप्टला अंदाज चालत नव्हता. गाडी काट्यावर आल्याशिवाय वजन पडणार नाही, हे त्यानं एम.डीं.ना छाती फुगवून सांगितलं होतं. पण सोय करायला कितीसा वेळ? आकडा टाकला की गडी घरी. कागदावर कुंडलिक मागच्या साली एकदा गेलाच होता. आता पडद्यावरही जाईल. दुसऱ्यांदा.

त्याचं बोट बटणावर गेलं.

"आमचं मालक आलं का वो?"

दोघं दचकले. खिडकीत ठमाबाई. हातात कोयता, कमरेला फडक्यात भाकरी बांधलेली. तोडीला निघाली होती. पहाटेला ती कधी येत नसे.

महिपतीनं तोंड उघडलं. रोजचं 'अजून न्हाय' त्याच्या ओठावर आलं, आणि तिथंच थांबलं.

इंद्रजितनं तिच्याकडं पाहिलं. मग पडद्याकडं. आतला गडी विचारत होता. बाहेर ही विचारत होती. त्याला बोलायचं नव्हतं. पण तोंडातनं गेलं.

"आत हाय, मावशी. अजून निघाला न्हाय."

बाई रडली नाही. ओरडली नाही. तिनं आत, गव्हाणीच्या दिशेला एकदा पाहिलं. जसं काही हे तिला कुणीतरी कधीतरी सांगेल, म्हणूनच ती रोज येत होती.

"मग थांबते," ती म्हणाली.

आणि काट्याच्या शेजारी, मातीत, कोयता बाजूला ठेवून बसली.

इंद्रजितनं बटणावरचं बोट काढलं. अंदाजाचा आकडा टाकला नाही. त्यानं ती एक ओळ लिहिली: चिठ्ठी घेतली, विचारलं, की लगेच टाकून द्यायची. साठवायची नाही. मशीन क्षणभर बंद केलं, चालू केलं, आवारातल्या गाड्या पुन्हा उभ्या केल्या.

चारशे बारा त्यानं उभी केली नाही.

ती यादीत होती.

पण पिशवी रिकामी. आकडा वाढत नव्हता. गडी नुसता उभा होता, विचारत होता. आता त्याला जागा लागत नव्हती. मशीनला त्याचा त्रास नव्हता. इंद्रजितच्या मनात आलं, आणि ते त्यानं मला पुढं चहा पिताना सांगितलं: "तात्या, आतापर्यंत निदान मशीन बंद पडत हुतं. कुणालातरी थांबून बघावं लागत हुतं. आता तो कितीबी दिवस थांबला, तरी कुणाचं काय अडणार न्हाय. तशी सोय मी केली."

उजाडलं. आठला एम.डी. साहेब आले. मशीन चालू. काटा चालू. रांग पुढं सरकत होती. त्यांनी इंद्रजितच्या पाठीवर थाप मारली, "मास्तरांना माझा नमस्कार सांग," म्हणाले. पोराची नोकरी राहिली, बापाचं नाव राहिलं. मग त्यांनी पडद्याकडं पाहिलं.

"ही एक बैलगाडी रात्रीपासून आत कशी? काढून टाक."

"रिकामं वजन झाल्याशिवाय निघत न्हाय साहेब."

"कुठंय ती गाडी?"

इंद्रजितनं गव्हाणीकडं पाहिलं. महिपतीनंही. साहेबांना महिपतीचं गप्प बसणं दिसलं, आणि ते पुढं विचारायला थांबले नाहीत. चहा न पिता गेले.

थोड्या वेळानं काट्यावरची ट्रॉली खाली उतरली. पुढची अजून यायची होती. काटा मोकळा. अशा वेळी केबिनच्या वरच्या, आकडे दाखवणाऱ्या पट्टीवर शून्य यायला पाहिजे.

शून्य आलं नाही. पंचावन्न किलो आलं.

ठमाबाई काट्यावर बसली असेल, म्हणून इंद्रजित बाहेर आला. ती काट्यावर नव्हती. खालीच, मातीत, होती तिथं. तिनं फडकं सोडलं होतं. भाकरीचे दोन भाग केले होते. एक तिच्या हातात होता. दुसरा तिनं फडक्यावर बाजूला ठेवला होता, काट्याच्या कडेपाशी. कुणाला तरी हात पुढं करून घेता यावा, असा.

"मावशी, तोडीला न्हाय जायचं?"

"जाते," ती म्हणाली. "न्ह्यारी होऊ दे."

कुणाची, ते त्यानं विचारलं नाही.

काट्याचा मेकॅनिक आला. खालची माती काढली, दगड काढले, पाणी मारलं. शून्यावर आणायचा, तो पुन्हा पंचावन्नावर जायचा. शेवटी तो म्हणाला, राहू द्या, हिशोबाला काही फरक पडत नाही. आणि खरंच पडत नव्हता. गाडीच्या भरल्या वजनात ते पंचावन्न, रिकाम्या वजनातही ते पंचावन्न. वजाबाकी केली की उसाचा आकडा बरोबर. मधलं ते वजन कुणाच्याच वाट्याला येत नाही.

ती बैलगाडी पुन्हा रात्री आली नाही. मशीन पुन्हा बंद पडलं नाही. महिपती परत टवाळक्या करायला लागला, पण रात्रपाळी मागून घेत नाही.

त्या साली सीझन संपला. कोप्या उठल्या, टोळ्या गेल्या. शेवटची ट्रॉली रिकामी होऊन बाहेर पडली, फाटक लागलं. इंद्रजितनं काटा स्वतः झाडून काढला, कोरडा केला, आणि वर पट्टीकडं पाहिलं.

पंचावन्न.